प्रस्तावना: साडेसहा मिनिटांत सात गाणी

लॉस अँजेलिसला बंदर हवं होतं, म्हणून १९०९ साली सॅन पेड्रो हे गाव शहराच्या हद्दीत आलं. त्यासाठी शहरानं आधीच दक्षिणेकडे उतरणारी जमिनीची एक चिंचोळी पट्टी ताब्यात घेऊन ठेवली होती. नकाशात ती आजही दिसते: वर अवाढव्य शहर, खाली बंदर आणि मधे बोटभर रुंदीची जोडणी. कागदोपत्री पेड्रोची माणसं लॉस अँजेलिसकर. प्रत्यक्षात हॉलिवुड तिथून चाळीसेक किलोमीटर, आणि मनानं त्याहून पुष्कळ लांब. गोदीतली कामं, मासळी डबाबंद करणारे कारखाने, क्रोएशियन आणि इटालियन मच्छीमारांची घरं, मेक्सिकन कुटुंबं, नौदलातल्या नोकरदारांच्या वसाहती. बंदरात क्रेन चालू असत तोवर गाव चालू. पर्यटकानं मुद्दाम वाट वाकडी करून यावं असं तिथं फारसं काही नव्हतं.

मिनिटमेन हा तिघांचा बँड या गावात १९८० च्या जानेवारीत जन्मला आणि १९८५ च्या डिसेंबरात संपला. सहा वर्षंही पुरी झाली नाहीत. तेवढ्या काळात या मंडळींनी इतकी गाणी केली, की त्यांची यादी करायला बसलं तर पानं भरतील. आणि तरीही त्या काळातलं अमेरिकन रेडिओस्टेशन लावून बसलेल्या माणसाला यांचं नाव ऐकू आलं नसण्याचीच शक्यता जास्त. या पुस्तकाचा विषय आहे त्यांची घडण: बँड कसा जमला, कुणाच्या आधारानं उभा राहिला आणि पहिल्या चार-पाच वर्षांत त्यानं स्वतःची अशी रीत कशी बसवली. माझ्या मते ती रीत हीच त्यांची सगळ्यांत मोठी रचना. गाणी तिच्यातून आली.

आधी एक गैरसमज बाजूला करू. आपल्याकडे पंक म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते उभे ताठ केलेले रंगीत केस, कातडी जाकिटं आणि सेफ्टी पिना. हे चित्र १९७६-७७ च्या लंडनचं, आणि तेही निम्मं तिथल्या वर्तमानपत्रांनी रंगवलेलं. मिनिटमेनमधला एकही माणूस त्यात बसत नाही. गिटार वाजवणारा आणि बहुतेक गाणी गाणारा डी. बून हा अंगानं चांगलाच भरलेला, तरी रंगमंचावर चेंडूसारखा उडणारा. बेसवाला माइक वॉट चौकटीच्या फ्लॅनेलच्या शर्टात वावरणारा, आणि तो शर्ट कुठून आला, तर क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलच्या जॉन फोगर्टीला तसा पाहिला म्हणून. ड्रमवर जॉर्ज हर्ली, समुद्रावर सर्फिंग करणारा. गोदीच्या फाटकातून पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या घोळक्यात हे तिघं उभे राहिले असते तर कुणी वळून पाहिलं नसतं.

बून आणि वॉट भेटले ते पोरवयात, पेड्रोतल्या पेक पार्क या बागेत. वॉटचे वडील नौदलात, जहाजाच्या इंजिनखोलीत काम करणारे. कुटुंब व्हर्जिनियाहून इकडे आलेलं आणि मुलगा नवख्या गावात. झाडाखालून चालला असताना वरून एक जाडगेला मुलगा त्याच्यापुढे उडी मारून उतरला. त्या मुलाला, म्हणजे बूनला, वॉट हा दुसराच कुणी मित्र वाटला होता. चूक लक्षात आली, पण गप्पा सुरू झाल्या, आणि बूननं लांबलचक विनोदी भाषणं घडाघडा म्हणून दाखवायला सुरुवात केली. वॉटला वाटलं, एवढा हुशार मुलगा आपण पाहिलाच नाही. पुढं बूनच्या घरी गेल्यावर उलगडा झाला: ती सगळी भाषणं विनोदी कलावंत जॉर्ज कार्लिनच्या रेकॉर्डवरची होती, तोंडपाठ केलेली. मैत्री मात्र तोवर पक्की झाली होती.

बूनची आई नसती तर हा बँड झाला नसता, असं वॉटनं पुष्कळदा सांगितलं आहे. पोरं रस्त्यावर उंडारण्यापेक्षा घरात वाजवत बसलेली बरी, हा तिचा साधा हिशेब. बूनला गिटार होती. तेव्हा माइकनं बेस घ्यावा, असं तिनंच ठरवून टाकलं. बेस म्हणजे काय हे माइकला ठाऊक नव्हतं. रेकॉर्डच्या वेष्टनांवरच्या फोटोंत त्या वाद्याला चार तारा दिसत, म्हणून त्यानं साध्या गिटारीवर चारच तारा ठेवल्या आणि वाजवू लागला. खरा बेस हातात आला तेव्हा त्या तारांची जाडी पाहून तो थक्क झाला. सूर लावण्याची गोष्ट तर आणखी पुढची. गिटार ठरावीक सुरांत लावायची असते हे दोघांनाही बराच काळ कळलेलं नव्हतं. त्यांची समजूत अशी, की कुणाला तारा ताणलेल्या आवडतात, कुणाला सैल. ज्याची त्याची आवड.

ही हसण्यासारखी गोष्ट आहे खरी, पण तिच्यात एक महत्त्वाचं सत्य दडलंय. त्या काळी रॉक संगीत म्हणजे प्रचंड क्रीडागृहांतले कार्यक्रम. प्रेक्षक इथं, कलावंत तिकडे लांब उजेडात, ठिपक्याएवढा. बून आणि वॉट असे कार्यक्रम पाहत, घरी येऊन क्रीडन्सची, ब्लू ऑयस्टर कल्टची गाणी रेकॉर्डवरून जशीच्या तशी उचलत. आपण स्वतः गाणं रचू शकतो हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. गाणी रचणारी माणसं वेगळीच असतात, ती कुठून तरी येतात, आपल्या गल्लीतून नाही. पंकनं त्यांना काही शिकवलं असेल तर ते हे, की ती माणसं गल्लीतूनच येतात. १९७७ च्या सुमाराला ते हॉलिवुडच्या छोट्या क्लबांत जाऊ लागले. तिथं मंचावर आपल्याच वयाची पोरं, कित्येकदा आपल्यापेक्षा वाईट वाजवणारी, आणि तरीही स्वतःची गाणी म्हणणारी. दोघांच्या आयुष्याला वळण लागलं ते तिथं. मग इंग्लंडहून आलेल्या रेकॉर्ड कानावर पडल्या. त्यात वायर या बँडची ‘पिंक फ्लॅग’ त्यांच्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाची: एका लाँग प्लेवर एकवीस गाणी, काही तर मिनिटभराचीही नाहीत. कडवं, ध्रुपद, कडवं, गिटारीची करामत, पुन्हा ध्रुपद, हा साचा कुणी सक्तीचा केलेला नाही, हे या रेकॉर्डनं दाखवून दिलं. सांगून झालं की गाणं थांबवायचं. इतकं सोपं.

१९७८ साली शाळेतल्या ओळखीतून पहिला बँड उभा राहिला, नाव रिअॅक्शनरीज. बून, वॉट, ड्रमवर हर्ली आणि गायक मार्टिन टॅम्बुरोविच. १९७९ च्या फेब्रुवारीत सांता मोनिका इथं क्लॅश या बँडचा कार्यक्रम होता. बाहेर एक माणूस हँडबिलं वाटत उभा होता. हँडबिलावर पंक कार्यक्रमाची जाहिरात, आणि ठिकाण चक्क सॅन पेड्रो. आपल्या गावात? पंक? वाटणारा होता ग्रेग गिन, ब्लॅक फ्लॅग या बँडचा गिटारवाला. बोलणं झालं आणि रिअॅक्शनरीजना त्याच कार्यक्रमात वाजवायचं आमंत्रण मिळालं. पेड्रोच्या टीन पोस्ट या तरुणांच्या केंद्रात, ब्लॅक फ्लॅगच्या आधी. आयुष्यातला पहिला जाहीर कार्यक्रम, आणि तोही घरापासून चालत जाता येईल अशा जागी.

गिनबद्दल इथं थोडं सांगायला हवं, कारण स्वतंत्र बँड म्हणजे एकटा बँड असा एक गोड गैरसमज असतो. गिन पोरवयापासून हॅम रेडिओवाल्यांना सुधारून घेतलेली विद्युतउपकरणं टपालानं विकत असे. त्या धंद्याचं नाव सॉलिड स्टेट ट्रान्समिटर्स, म्हणजेच एसएसटी. ब्लॅक फ्लॅगची रेकॉर्ड काढायला कुणी कंपनी पुढं येईना, तेव्हा त्यानं तेच नाव रेकॉर्डवर छापलं. माल बनवायचा, खोक्यात भरायचा, पत्ता लिहायचा, टपालात टाकायचा, हे त्याला आधीपासून येत होतं. रेकॉर्ड छापून देणारा कारखाना टेलिफोनच्या यादीत सापडतो, पैसे भरले की तो छापून देतो, त्यासाठी कुणाच्या आशीर्वादाची गरज लागत नाही, ही गोष्ट आज फालतू वाटेल. १९७८ मध्ये ती क्रांतिकारक होती. एसएसटीची पहिली रेकॉर्ड ब्लॅक फ्लॅगची. दुसरी मिनिटमेनची.

पण त्याआधी रिअॅक्शनरीज मोडले. कारण पैसा, भांडण, पोरगी यांपैकी काहीही नव्हतं. बून आणि वॉट यांनी विचारान्ती ठरवलं, की हातात नुसता माइक घेऊन पुढं उभा राहणारा गायक ही जुन्या रॉकची सरंजामी चाल आहे. एक राजा आणि मागं त्याचे सेवक. आपल्याला ते नको. टॅम्बुरोविचशी त्यामुळे वैर झालं नाही, हे विशेष. तो पुढेही बरोबर राहिला. १९८० मध्येच बून, वॉट आणि तो अशा तिघांनी न्यू अलायन्स ही स्वतःची छोटी रेकॉर्डकंपनी काढली. डिसेंडेंट्स या बँडची ‘माइलो गोज टू कॉलेज’ आणि हस्कर डू या बँडची ‘लँड स्पीड रेकॉर्ड’ या पुढं गाजलेल्या रेकॉर्ड या पेड्रोच्या कंपनीनं काढल्या. स्वतःला पुरेशी जागा मिळण्याआधीच यांनी दुसऱ्यांना जागा करून द्यायला सुरुवात केली होती.

नव्या बँडचं नाव मिनिटमेन. गाणी मिनिटभराची म्हणून हे नाव, असं सगळे समजतात. वॉटनं सांगितलेली कारणं दुसरी आहेत. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात हाक येताच बंदूक घेऊन धावणाऱ्या नागरिकांना मिनिटमेन म्हणत. पुढं साठच्या दशकात एका कडव्या उजव्या टोळीनं ते नाव पळवलं. ते परत घेऊन टोळीची टर उडवावी, हा एक हेतू. दुसरं म्हणजे, त्याच अक्षरांचा इंग्रजीत दुसरा उच्चार केला की अर्थ होतो चिमुकली माणसं. क्रीडागृहांतल्या महापुरुषांच्या जमान्यात स्वतःला चिमुकले म्हणवून घेण्यात मिस्कीलपणा होता.

हर्ली तोवर दुसऱ्या बँडात गेला होता, म्हणून ड्रमला फ्रँक टॉंची नावाचा वेल्डर बसवला. त्याला पंकचा प्रेक्षकवर्ग मानवला नाही. थोडक्याच कार्यक्रमांनंतर तो गेला. हर्ली परतला, आणि १९८० च्या जुलैत हर्मोसा बीचच्या मीडिया आर्ट स्टुडिओत तिघांनी पहिली रेकॉर्ड केली. ध्वनिमुद्रणाला स्पॉट नावानं ओळखला जाणारा एसएसटीचा नेहमीचा माणूस. रेकॉर्डचं नाव ‘पॅरनॉइड टाइम’. सात इंची तबकडी, सात गाणी, सगळी मिळून साधारण साडेसहा मिनिटं. वेष्टनावर गिनचा भाऊ रेमंड पेटिबॉन याचं चित्र. शीतयुद्ध पुन्हा तापलेलं, रेगन निवडणुकीच्या आखाड्यात, आणि तेवीस वर्षांच्या आतली ही पोरं बॉम्बच्या धास्तीबद्दल ओरडतायत. ऐकताना पहिल्यांदा वाटतं, काहीतरी सुरू होतंय. तोवर संपलेलं असतं.

१९८१ मध्ये ‘द पंच लाइन’ आली. अठरा गाणी, पंधरा मिनिटं. खरं तर मिनिटमेनची स्वतंत्र ओळख इथून. ‘पॅरनॉइड टाइम’मध्ये वायरची सावली स्पष्ट आहे, ‘पंच लाइन’मध्ये ती उरलेली नाही. आणि इथंच मला थोडं थांबायचंय, कारण हे तिघं वेगळं काय करत होते ते ऐकूनच कळतं आणि सांगायला अवघड आहे.

साधारण रॉक बँडात विजेवरची गिटार सगळी जागा खाते. ती जाड, भरलेली, घुमणारी असते. बेस तिच्याखाली कुठेतरी दबून चालतो आणि ड्रम ताल धरतात. बूननं गिटारीतला सगळा भरणा काढून टाकला. अँप्लिफायरवरची तार सप्तकाची कळ पूर्ण वर, खर्जाची पार खाली. आवाज टोकदार, पातळ, पत्र्यावर खिळा ओढल्यागत. असं का? तर खालची सगळी जागा वॉटच्या बेसला मोकळी मिळावी म्हणून. बेस मग नुसता आधार देत नाही. तोच कित्येक गाण्यांत मुख्य चाल वाजवतो, वळतो, अडवतो, उलट बोलतो. मधल्या मोकळ्या जागेत हर्लीचे ड्रम, सरळ ठोके टाळून भराभर चकवे देणारे. तीन भावांनी वडिलोपार्जित घराच्या खोल्या तंटा न करता वाटून घ्याव्यात, तशी ही स्वरांची वाटणी. वॉट यामागची कल्पना उघड सांगत असे: बूनचं राजकारण समतेचं, तर मग गिटारीनं बेसवर दादागिरी का करावी? राजकीय गाणी लिहिणारे बँड त्या काळी पैशाला पासरी होते. राजकारण अँप्लिफायरच्या कळीपर्यंत नेणारे फार थोडे.

त्यात पुन्हा शैलीची सरमिसळ. ताल कुठे फंकचा, कुठे जॅझचा भास, मधूनच क्रीडन्सचा गावठी सूर, स्पॅनिश वळणाची गिटार. लॉस अँजेलिसच्या हार्डकोअर पंकचा प्रेक्षक तोवर ठरावीक झाला होता. त्याला एकच वेग हवा असे, सगळ्यांत जोराचा, आणि धक्काबुक्की करता यावी एवढा सरळ ताल. मिनिटमेनचं गाणं त्याच्या अंगात भिनायच्या आत संपे, आणि पुढचं भलत्याच तालात सुरू होई. थुंकणं, वस्तू फेकून मारणं हे सगळं झालं. १९८३ च्या आरंभी ब्लॅक फ्लॅगबरोबर युरोपात गेले तिथंही तेच. एकाच व्हॅनमध्ये दोन बँडांची माणसं आणि सामान. बूनची मात्र ठाम समजूत होती, की पंक म्हणजे वाटेल ते करायची मुभा. आणि मुभा आहे म्हटल्यावर सगळ्यांनी एकच गोष्ट करायची, हे त्याला कळत नसे. मलाही कळत नाही.

आता पैशांची गोष्ट. तिघं दिवसा नोकऱ्या करत. कुणाच्या घरी पैसा नव्हता. म्हणून त्यांनी एक पद्धत बसवली. तिला ते स्वतः ‘इकॉनो’ म्हणत. स्टुडिओ मध्यरात्रीनंतर घ्यायचा, तेव्हा भाडं कमी असतं. टेप कोरी न घेता वापरलेली घ्यायची. तालीम घरी इतकी पक्की करायची की स्टुडिओत विचार करायची वेळ येऊ नये. आणि सगळ्यांत नामी युक्ती: गाणी रेकॉर्डवर ज्या क्रमानं येणार त्याच क्रमानं वाजवायची, म्हणजे नंतर टेप कापून जोडायचा खर्च वाचतो. दौऱ्यावर स्वतःची व्हॅन, स्वतःच चालवायची. सामान उचलायला माणूस ठेवायचा नाही. मंचावर चढवणं, जोडणं, उतरवणं तिघांनीच, झटपट. झोपायला कुणा चाहत्याच्या घरातली जमीन. दौरे असे आखायचे, की घरी येताना खिशात थोडे तरी डॉलर उरावेत. त्या काळातले कितीतरी नावाजलेले बँड कंपनीच्या कर्जात बुडून मोडले. मिनिटमेनवर कर्ज नव्हतं.

याकडे गरिबीची करुण कहाणी म्हणून पाहू नये. कष्टकऱ्याच्या घरातल्या माणसाला वस्तूची किंमत कळते, आणि उधळपट्टी हा त्याला मोठेपणा वाटत नाही, एवढंच. शिवाय या पद्धतीचा थेट परिणाम गाण्यावर होतो. पुन्हा पुन्हा मुद्रण करायचं नाही म्हटल्यावर वाजवताना जो ताजेपणा, जी घाई, मधूनच जो अडखळा येतो, तो तसाच राहतो. जास्तीचे थर चढवायचे नाहीत म्हटल्यावर तिघांचे तीन आवाज वेगळे ऐकू येतात. ही काटकसर वजा करून पाहिली तर ‘पंच लाइन’ शिल्लक राहत नाही.

वॉटचा आणखी एक सिद्धान्त इथंच सांगून टाकतो. जगात दोनच गोष्टी, म्हणे: कार्यक्रम आणि हँडबिलं. माणसांसमोर प्रत्यक्ष वाजवणं हा कार्यक्रम. बाकी सगळं, म्हणजे रेकॉर्ड, मुलाखती, फोटो, ही त्या कार्यक्रमाला लोकांनी यावं म्हणून वाटलेली हँडबिलं. संगीताच्या धंद्यात गणित बरोबर याच्या उलट असतं. तिथं दौरा काढतात तो रेकॉर्ड खपवायला. वॉटची ही मांडणी थोडी हटवादी आहे. हँडबिल म्हणून काढलेल्या रेकॉर्डच आज आपल्या हाती आहेत, कार्यक्रम हवेत विरले. पण रेकॉर्ड स्वस्तात आणि धडाधड का निघत गेल्या याचं उत्तर या हटवादात आहे. हँडबिलावर कुणी वर्षभर कोरीव काम करत बसत नाही.

पेड्रोत बूननं आणखी उद्योग केले. ‘द प्रोल’ नावाचं छोटं नियतकालिक काढलं. गावातलं एक जुनं थिएटर भाड्यानं घेऊन, त्याला युनियन थिएटर असं नाव देऊन तिथं कार्यक्रम लावले. ते लवकर सुरू होत, कारण सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाला वेळेत घरी पोचता यावं. मला या माणसाबद्दल सगळ्यांत जास्त आपुलकी वाटते ती या एका निर्णयामुळे. कामगारांविषयी गाणी लिहिणं सोपं आहे. कामगाराच्या झोपेचा विचार करून कार्यक्रमाची वेळ ठरवणं कुणाला सुचतं? तो चित्रंही काढत असे, इतिहासाची पुस्तकं वाचत असे, एल साल्वादोरच्या जनतेला पाठिंबा देणाऱ्या संघटनेत काम करत असे. मध्य अमेरिकेतल्या युद्धांवरची त्याची काही गाणी, खरं सांगायचं तर, घोषणेच्या पुढं जात नाहीत. वॉटचे शब्द उलट टोकाचे: तुटक, कोडी घातल्यासारखे, जॉइसच्या ‘युलिसिस’चा नाद लागलेले. दोघांचे दोष एकमेकांना सांभाळून घेत. दोघं सतत वाद घालत, व्हॅनमध्ये, तालमीत, मुलाखतीतसुद्धा, आणि त्या वादातून गाणी निघत.

१९८३ पर्यंत ‘व्हॉट मेक्स अ मॅन स्टार्ट फायर्स?’ येऊन गेली होती आणि गाणी जरा श्वास घेऊ लागली होती; काही दोन मिनिटांच्याही पुढं गेली. पुढच्या मोठ्या रेकॉर्डचं बरंच काम होत आलं असताना त्यांना कळलं, की मिनेसोटाचे दोस्त हस्कर डू दोन तबकड्यांचा संच करताहेत. झालं. मित्रांनी केला तर आपण का नाही? तिघं परत गेले, आणखी ढीगभर गाणी रचली, आणि १९८४ च्या जुलैत ‘डबल निकल्स ऑन द डाइम’ हा दोन तबकड्यांचा, चाळीसहून अधिक गाण्यांचा संच आला. हस्कर डूचा ‘झेन आर्केड’ही त्याच महिन्यात, त्याच एसएसटीकडून. मिनिटमेनच्या संचाचा खर्च सुमारे अकराशे डॉलर. तबकड्यांच्या तीन बाजूंची गाणी तिघांनी एकेक बाजू वाटून घेऊन निवडली. चौथ्या बाजूला उरलेली टाकली आणि तिचं नाव ठेवलं फोलपट. काही गाण्यांचे शब्द मित्रांकडून मागून घेतले. वेष्टनावर वॉट आपली फोक्सवॅगन चालवताना दिसतो, समोर सॅन पेड्रोची पाटी, आणि काटा ताशी पंचावन्न मैलांवर. त्या सुमाराला सॅमी हेगर या रॉकगायकाचं ‘आय कान्ट ड्राइव्ह फिफ्टीफाइव्ह’ येत होतं, वेगमर्यादा आपल्याला पाळवत नाही अशा बढाईचं. मिनिटमेनचं उत्तर असं, की गाडी आम्ही कायद्यानं चालवतो, वेडेपणा गाण्यात करतो. सगळे एकमतानं ज्याला या बँडचं शिखर म्हणतात ते हेच. मीही म्हणतो. पण या पुस्तकाचा भर त्याच्या आधीच्या वर्षांवर आहे आणि ते योग्यच आहे. शिखरावर फोटो काढणारे पुष्कळ असतात.

शेवट थोडक्यात सांगतो, कारण तोच आधी सांगून मग सगळी गोष्ट त्याच्या उजेडात वाचायची सवय मला आवडत नाही. १९८५ च्या डिसेंबरात, आर.ई.एम. या बँडबरोबरचा दौरा आटोपल्यानंतर काही दिवसांनी, ॲरिझोनाच्या वाळवंटातून जाणाऱ्या महामार्गावर व्हॅन रस्ता सोडून उलटली. तापानं फणफणलेला बून मागं आडवा झाला होता. २२ तारखेला तो गेला, वय सत्तावीस.

वॉट आणि हर्ली यांना त्यानंतर वाजवायचंच नव्हतं. एड क्रॉफर्ड नावाचा एक चाहता ओहायोहून थेट पेड्रोला येऊन धडकला आणि त्याच्या चिकाटीमुळे १९८६ मध्ये फायरहोज हा बँड उभा राहिला. वॉटनं १९९७ मध्ये ‘कन्टेम्प्लेटिंग द इंजिन रूम’ ही रेकॉर्ड केली. इंजिनखोलीतल्या तीन खलाशांची ती कथा, वडिलांची आणि मिनिटमेनची एकत्र गुंफलेली. २००१ मध्ये मायकेल अॅझरॅड यांनी ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन स्वतंत्र बँडांवर जे पुस्तक लिहिलं त्याचं शीर्षक मिनिटमेनच्याच गाण्यातून घेतलेलं आहे, आणि २००५ मध्ये ‘वी जॅम इकॉनो’ हा त्यांच्यावरचा माहितीपट आला. तो मिळाला तर जरूर पाहा. त्यात वॉट व्हॅन चालवत पेड्रोतून फिरतो आणि सगळं दाखवतो, ते झाडसुद्धा.

मराठीत रॉकविषयी जे थोडंफार लिहिलं गेलं ते बहुतेक तारे-तारकांबद्दल. खप, वाद, व्यसनं, मृत्यू. त्यामुळे तीन साध्या माणसांनी नोकऱ्या सांभाळून, हिशेबाची वही नीट ठेवून, कुणाचं देणं न ठेवता इतकं विलक्षण संगीत केलं, हे वाचताना वाचकाला ते खरं वाटायला वेळ लागेल. खरं आहे. त्यांनी केलेलं सगळं चांगलंच आहे असं नाही. काही गाणी बसायच्या आत उठून जातात, काही नुसत्या टिपा आहेत, आणि ‘प्रोजेक्ट: मर्श’ या १९८५ च्या रेकॉर्डवर लोकप्रिय संगीताची थट्टा करायला त्यांनी मुद्दाम लांब, गुळगुळीत गाणी केली, ती थट्टा मला ऐकताना कंटाळवाणी वाटते.

वाचकाला एक विनंती. पुढची पानं वाचण्याआधी ‘द पंच लाइन’ एकदा ऐका. पंधरा मिनिटं लागतात. आवाज मोठा ठेवा, जमलं तर हेडफोन न लावता, घरातल्यांना थोडा त्रास होऊ द्या. पहिल्यांदा लक्ष बूनच्या ओरडण्याकडे जाईल. ते जाऊ द्या. मग पुन्हा पहिल्यापासून लावा, आणि या खेपेला फक्त बेस ऐका.